राष्ट्रध्वजाच्या रंगांचा अर्थ : तिरंग्याच्या घडणीतील तीन टप्पे आणि मराठी प्रदेश

प्रास्ताविक

राष्ट्रध्वजातील रंगांचा अर्थ विचारला असता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर परीक्षेतले आहे. केशरी म्हणजे त्याग व शौर्य, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. दुसरे उत्तर वर्गाबाहेरच्या चर्चेतले आहे. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा उरलेल्या सर्वांचा. पहिले उत्तर अधिकृत आणि दुसरे 'खरे', अशी एक समजूतही या चर्चेत दडलेली असते. शिक्षकवर्गही पुष्कळदा पहिले उत्तर फळ्यावर लिहितो आणि दुसरे मनात ठेवतो.

वस्तुतः ही दोन्ही उत्तरे इतिहासातील वेगवेगळ्या वर्षांची आहेत. दुसरे उत्तर १९२१ मधील एका ध्वजाविषयी दिले गेले होते आणि १९३१ मध्ये ते विचारपूर्वक मागे घेण्यात आले. पहिल्या उत्तरात १९३१ चा आणि १९४७ चा असे दोन निराळे अर्थ एकत्र मिसळले आहेत. ध्वजाच्या रंगांना अर्थ असतो याविषयी वाद नाही. परंतु तो अर्थ रंगातून आपोआप निघत नाही. तो कोणीतरी, कधीतरी, बहुधा एखादा वाद मिटविण्यासाठी दिलेला असतो आणि परिस्थिती बदलली की तो बदलण्यातही येतो. हे प्रतिपादन तिरंग्याच्या घडणीच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या घडणीतील अनेक महत्त्वाच्या घटना मराठी प्रदेशात घडल्या व त्यांत मराठी माणसांचा प्रत्यक्ष सहभाग होता, ही बाब आपल्याकडील अध्यापनात क्वचितच येते.

रंग तेच, अर्थ निराळे

रंगांचा अर्थ सार्वत्रिक असतो, लाल म्हणजे रक्त आणि हिरवा म्हणजे शेती, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत टिकते हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. केशरी किंवा नारिंगी, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग भारताखेरीज आयर्लंड, आयव्हरी कोस्ट आणि नायजर या देशांच्या ध्वजांतही आहेत. आयर्लंडचा ध्वज १८४८ मध्ये थॉमस फ्रान्सिस मेहर याने लोकांपुढे आणला. त्यातील हिरवा रंग कॅथलिक परंपरेचा, नारिंगी प्रॉटेस्टंटांचा आणि मधला पांढरा त्या दोहोंतील कायमच्या सलोख्याचा. आयव्हरी कोस्टने १९५९ मध्ये हेच रंग उभ्या पट्ट्यांत घेतले. तेथे नारिंगी म्हणजे उत्तरेकडील गवताळ प्रदेश आणि हिरवा म्हणजे दक्षिणेकडील अरण्ये. नायजरने त्याच वर्षी आडवे पट्टे घेऊन मधोमध नारिंगी वर्तुळ ठेवले. तेथील नारिंगी रंगात सहारा वाळवंट पाहिले जाते. नायजरचा ध्वज दुरून पाहणाऱ्या भारतीयास क्षणभर आपलाच वाटावा इतके साम्य आहे. रंग तेच असून एका ठिकाणी पंथ, दुसऱ्या ठिकाणी भूगोल आणि आपल्याकडे सद्गुण असे तीन प्रकारचे अर्थ त्यांना लाभले आहेत.

फ्रान्सच्या ध्वजाची कथा याहून बोलकी आहे. निळा व लाल हे पॅरिस शहराचे रंग आणि पांढरा राजघराण्याचा. राज्यक्रांतीच्या आरंभी राजा आणि नगर यांची दिलजमाई दाखविणारे ते चिन्ह होते. पुढे राजाचा शिरच्छेद झाला, पण पांढरा पट्टा राहिला. कालांतराने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे लोकांनी त्या तीन रंगांवर बसविली. याउलट दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये वर्णभेदाच्या अंतानंतर सहा रंगांचा नवा ध्वज स्वीकारला, तेव्हा शासनाने कोणत्याही रंगाला अधिकृत अर्थ दिला नाही. ज्या देशात प्रत्येक रंगावर कोणत्या ना कोणत्या गटाचा दावा होता, तेथे अर्थ न सांगणे हेच शहाणपणाचे ठरले. भारताच्या संविधान सभेनेही काहीसे असेच केले होते. त्याचा विचार पुढे येईल.

१९२१ पूर्वीचे ध्वज

भारताचा राष्ट्रध्वज एकाएकी जन्मास आला नाही. ७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्यात पारसी बागान चौकात फडकलेला हिरवा, पिवळा व लाल अशा पट्ट्यांचा ध्वज आणि २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी फडकविलेला ध्वज हे या मालिकेतील आरंभीचे टप्पे होत. स्टुटगार्टच्या ध्वजावर देवनागरीत 'वंदे मातरम्' अशी अक्षरे होती. कमळे, सूर्य आणि चंद्रकोर ही चिन्हे होती. हा ध्वज पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणला आणि तो पुण्याच्या केसरीवाड्यात जतन करण्यात आला. इतिहासाच्या अभ्यास सहलींसाठी रायगड आणि पन्हाळा ही ठिकाणे नेहमीची आहेत. केसरीवाड्यातील हा ध्वज पाहण्यास मात्र फारच थोडी महाविद्यालये जातात.

या ध्वजांत रंगांपेक्षा चिन्हांवर भर होता. जे सांगायचे ते चित्रांनी आणि अक्षरांनी सांगितले जाई. १९१७ च्या सुमारास लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा जो ध्वज आला, त्यात पाच लाल व चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, चंद्रकोर आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचा युनियन जॅक होता. टिळकांच्या चळवळीच्या ध्वजावर युनियन जॅक होता हे ऐकून आजचा विद्यार्थी चकित होतो. परंतु त्या वेळची मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती आणि ध्वज ती मागणी प्रामाणिकपणे सांगत होता. १९२१ नंतर साम्राज्याच्या चौकटीतील ही मागणी मागे पडत गेली, तसा तो कोपराही इतिहासजमा झाला.

पहिला अर्थ : १९२१

१९२१ च्या वसंतात बेझवाडा, म्हणजे आजच्या विजयवाडा, येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. तेथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल व हिरव्या रंगांचा एक आराखडा दिला. चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची होती. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा जोडण्यास सांगितले आणि एप्रिल १९२१ मध्ये 'यंग इंडिया'त त्याचा अर्थ स्पष्ट केला. लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा. पट्ट्यांचा क्रमही अर्थपूर्ण होता. सर्वांत वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल. संख्येने जे सर्वांत कमी त्यांना वरचे स्थान आणि जे सर्वांत अधिक त्यांनी खाली राहून इतरांना आधार द्यावा, अशी ती कल्पना होती.

आज वर्गाबाहेरच्या चर्चेत जे 'खरे' उत्तर म्हणून सांगितले जाते ते मुळात या ध्वजाचे आहे. त्यात केशरी रंग नव्हताच, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. शिवाय या ध्वजास काँग्रेसने रीतसर ठराव करून स्वीकारले नव्हते. तो वापराने रूढ झाला.

हा वापर कोठे आणि कसा झाला हे पाहिले म्हणजे मराठी प्रदेशाचा वाटा स्पष्ट होतो. १ मे १९२३ रोजी नागपूर येथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. सिव्हिल लाइन्सच्या भागातून राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणूक नेण्यास सरकारची बंदी होती. ती मोडण्यासाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या नागपुरास येऊ लागल्या. आरंभी जमनालाल बजाज यांनी नेतृत्व केले. त्यांच्या अटकेनंतर ते वल्लभभाई पटेल यांच्याकडे आले. हजाराहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले आणि १८ ऑगस्ट रोजी झेंड्यासह मिरवणूक त्याच भागातून गेली. एका विशिष्ट रस्त्यावरून एक कापड नेण्याचा हक्क एवढाच वरकरणी प्रश्न होता. तोपर्यंत जो झेंडा पक्षाच्या सभेतील शोभेची वस्तू होता, तो नागपूरच्या साडेतीन महिन्यांत राष्ट्राचा झाला.

सोलापूरची घटना याहून तीव्र आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगात सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा फडकविला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगारांचे शहर उसळले, गोळीबार झाला आणि मार्शल लॉ पुकारण्यात आला. लष्करी अमलात झेंडा बाळगणे व मिरविणे हाच गुन्हा ठरला आणि त्यासाठी लोकांनी शिक्षा भोगल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यास फाशी देण्यात आली. ही चार नावे शेजारी ठेवून वाचली असता १९२१ च्या ध्वजाची अडचणही ध्यानात येते. ज्या झेंड्यासाठी हे चौघे एकत्र आले होते, त्या झेंड्याचा अर्थ मात्र त्यांना निरनिराळ्या पट्ट्यांत उभे करीत होता.

दुसरा अर्थ : मुंबई, १९३१

समाजांना रंग वाटून द्यायचे ठरविले की वाटणी कोठे थांबवायची हा प्रश्न उभा राहतो. शीख नेत्यांनी आपल्यालाही स्वतंत्र रंग हवा अशी मागणी केली. ती तर्काला धरून होती. हिंदू व मुसलमान यांना पट्टे आणि शिखांना 'इतर' या सदरात जागा, हे त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. इतरांच्याही सूचना येतच होत्या. दुसरी एक व्यावहारिक अडचण अशी होती की, पांढरा, हिरवा, लाल हे रंग याच क्रमाने बल्गेरियाच्या ध्वजावर १८७९ पासून होते. आपल्याकडच्या ध्वजावर चरखा होता एवढाच काय तो फरक.

एप्रिल १९३१ मध्ये कराची येथे काँग्रेस कार्यसमितीने सात जणांची ध्वज समिती नेमली. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, पट्टाभी सीतारामय्या, काका कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर हे तिचे सदस्य होते. यांतील शेवटची दोन नावे कोल्हापूर परिसरातील अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहेत. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म साताऱ्याचा आणि त्यांचे कुटुंब बेळगावनजीकच्या बेळगुंदीचे. गुजराती साहित्यात त्यांनी मोठे नाव मिळविले, पण त्यांची मातृभाषा मराठी होती. हर्डीकर हुबळीचे, हिंदुस्थानी सेवा दलाचे संस्थापक. ध्वजवंदनाला आज जी शिस्त आणि जो विधी आहे, त्याची पहिली घडी सेवा दलाच्या शिबिरांत बसली. ध्वजाचे दैनंदिन व्यवहार ज्यांना हाताने ठाऊक होते असे ते बहुधा समितीतील एकमेव सदस्य असावेत.

समितीने प्रांतिक समित्यांकडून मते मागविली आणि एक धाडसी शिफारस केली. ध्वज संपूर्ण एकाच रंगाचा, केशरी, असावा आणि डाव्या वरच्या भागात चरखा असावा. पट्टेच नाहीसे केले म्हणजे पट्ट्यांची वाटणी आपोआप संपते, असा यामागील विचार होता. या शिफारशीवर आझाद, तारासिंग आणि नेहरू यांच्याही सह्या होत्या, हे पुढील काळातील वादंगात पूर्णपणे विसरले गेले. त्या सातजणांच्या दृष्टीने केशरी हा कोणा एका धर्माचा नव्हे, तर या देशाच्या परंपरेतून आलेला आणि इतर राष्ट्रांच्या ध्वजांत सहसा न आढळणारा रंग होता.

तथापि ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही शिफारस नाकारली. दहा वर्षे लोकांनी जो तीन पट्ट्यांचा झेंडा हाती घेऊन लाठ्या खाल्ल्या, तो एकदम टाकून देणे तिला योग्य वाटले नाही. तिने तीन पट्टे कायम ठेवले, लाल रंग काढून केशरी घेतला, क्रम बदलला आणि पांढऱ्या पट्टीवर निळा चरखा ठेवला. याहून महत्त्वाचे म्हणजे ठरावातच तिने स्पष्ट केले की या रंगांना जातीय किंवा धार्मिक अर्थ नाही. केशरी हा धैर्य व बलिदान यांचा, पांढरा शांती व सत्य यांचा, हिरवा श्रद्धा व वीरवृत्ती यांचा आणि चरखा हा जनसामान्यांच्या आशेचा द्योतक राहील.

जुन्या अर्थाचा स्पष्ट निषेध करून नवा अर्थ ठरावाने देणे ही ध्वजांच्या इतिहासातील असामान्य घटना होय. 'केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा' असे जो आज सांगतो, तो नव्वद वर्षांहून अधिक काळापूर्वी रद्द झालेला अर्थ सांगत असतो, आणि तोही ज्या रंगासाठी तो कधी दिलाच नव्हता त्या रंगाला लावून.

समाजांना पट्टे वाटण्याची वाट पुढे नेली असती तर काय झाले असते याचे उदाहरण शेजारीच आहे. श्रीलंकेने १९५१ मध्ये आपल्या सिंहध्वजाच्या कडेस हिरवा व नारिंगी असे दोन उभे पट्टे जोडले; पहिला मुसलमानांचा आणि दुसरा तमिळांचा. समितीतील सेनेटर एस. नडेसन यांनी त्या वेळीच भिन्नमत नोंदविले. सिंहाची चौकट निराळी आणि पट्टे त्या चौकटीबाहेर, ही रचना एकात्मतेची म्हणता येईल का, हा प्रश्न त्या देशाची पुढे कित्येक वर्षे पाठ सोडीत नव्हता.

केशरी, भगवा आणि 'त्याग'

मराठी वाचक या प्रश्नाकडे कोऱ्या मनाने पाहू शकत नाही. त्याच्या मनात भगवा आधीच फडकत असतो. शिवकालापासून भगवे निशाण, पुढे जरीपटका, वारीतील पताका, गडावरचे ध्वज ही सारी स्मृती त्या रंगाशी निगडित आहे. कोल्हापूर संस्थानाचे निशाणही भगवेच होते आणि हे संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत येथील लोकांचे दोन ध्वजांशी नाते होते. त्यामुळे तिरंग्याच्या वरच्या पट्टीत भगवा पाहणे येथे स्वाभाविकच होय. शिवजयंतीच्या सुमारास शाहूपुरीच्या बाजारपेठेत भगव्या पताका घेणारे गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये तिरंगा घेण्यास येते, तेव्हा दोन्ही कापडांतील छटांचा फरक त्याला बोचत नाही.

परंतु भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. मराठीत या छटांना निरनिराळे शब्द आहेत. केशरी हा केशरापासून. तो रणात उतरणाऱ्या राजपुताच्या केसरिया बाण्याचाही रंग. काव हा तांबड्या मातीचा रंग. काषाय वस्त्रे ही संन्याशाची. भगवा या शब्दाभोवती मात्र साधू आणि शिपाई या दोघांच्याही छटा आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांतील शिपायाची छटा अधिक गडद आहे. (टिळकांच्या 'केसरी'चा या रंगाशी संबंध जोडणारेही भेटतात, त्या नावाचा अर्थ सिंह असा आहे.)

१९३१ च्या ठरावात केशरी म्हणजे धैर्य व बलिदान असे म्हटले आहे. हा रणभूमीचा अर्थ झाला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत राष्ट्रध्वजाच्या ठरावावर बोलताना डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्याच पट्टीचा उल्लेख 'भगवा' असा करून तिचा अर्थ वैराग्य, निरिच्छता असा लावला. नेतृत्व करणाऱ्यांनी ऐहिक लाभाविषयी उदासीन राहिले पाहिजे, हे त्यांचे सांगणे होते. हा मठातील, संन्याशाचा अर्थ. सोळा वर्षांत वरची पट्टी रणांगणातून आश्रमात आली. ज्या पिढीला तुरुंगात जायचे होते तिला बलिदानाची गरज होती आणि ज्या पिढीच्या हाती सत्ता येत होती तिला निरिच्छतेची.

मराठीत हे स्थित्यंतर दिसेनासे होते, कारण 'त्याग' हा एकच शब्द बलिदान आणि वैराग्य या दोहोंना पुरतो. 'केशरी म्हणजे त्याग' हे वाक्य पाठ करणारा विद्यार्थी यांपैकी कोणता त्याग म्हणत आहे, हे त्याला सांगता येत नाही आणि कोणी विचारीतही नाही. हिरव्या रंगाचे तर याहून नवल आहे. १९३१ मध्ये तो श्रद्धा व वीरवृत्तीचा होता. राधाकृष्णन यांनी तो माती आणि वनस्पतिसृष्टीशी असलेल्या आपल्या नात्याचा म्हटला. 'समृद्धी' हा शब्द या दोन्हींत नाही. तो हरितक्रांतीनंतरच्या शेतीप्रधान कल्पनेशी चांगला जुळतो, म्हणून रूढ झाला असावा.

१९४७ मध्ये संपूर्ण भगव्या ध्वजाची मागणीही झाली, वि. दा. सावरकर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. ती संविधान सभेने स्वीकारली नाही. तथापि रंगाचा अर्थ स्थळानुसार कसा फिरतो हे भगव्याच्याच बाबतीत पाहावयाचे असेल तर कोल्हापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील बेळगाव पुरेसे आहे. तेथे सीमालढ्यात फडकणारा भगवा हा प्राधान्याने धर्माचा नसून मराठी भाषेचा ध्वज आहे आणि त्याच्यासमोर उभा असलेला हळद-कुंकवाच्या पिवळ्या-लाल रंगांचा ध्वज कन्नड अस्मितेचा. दोन्ही बाजूंचे लोक एकाच धर्माचे, पुष्कळदा एकाच देवीचे भक्त असतात.

तिसरा अर्थ : चक्र

संविधान सभेने जून १९४७ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वजासाठी समिती नेमली. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, क. मा. मुनशी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिचे सदस्य होते. २२ जुलै रोजी नेहरूंनी मांडलेला ठराव मूळ स्वरूपात वाचण्याजोगा आहे, कारण त्यात जे नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. गडद केशरी, पांढरा व गडद हिरवा असे समान रुंदीचे तीन पट्टे. पांढऱ्या पट्टीच्या मधोमध चरख्याचे निदर्शक म्हणून गडद निळे चक्र. चक्राचा आकार सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरील चक्राप्रमाणे. रुंदी व लांबीचे प्रमाण दोनास तीन. एवढेच. रंगांचा अर्थ ठरावात एका शब्दानेही दिलेला नाही. नेहरूंनी भाषणात एवढेच बजावले की, काही लोक गैरसमजाने या ध्वजाकडे जातीय दृष्टीने पाहतात, परंतु तसा अर्थ त्यात अभिप्रेत नाही. राधाकृष्णन यांचे विवेचन हे एका सदस्याचे भाषण होते. २००२ च्या ध्वजसंहितेत ते उद्धृत झाल्याने त्याला अधिकृततेचे वलय लाभले.

चरख्याच्या जागी चक्र येण्यामागे एक साधे व्यावहारिक कारण होते. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरख्याचे एका टोकास चाक आणि दुसऱ्या टोकास चाते. उलट बाजूने पाहिल्यास चित्र फिरते. चाक तेवढे ठेवले की अडचण संपते. परंतु हे चाक सारनाथचे निवडल्याने ध्वजाला दोन हजार वर्षांहून अधिक खोली लाभली. गांधीजींना हा बदल रुचला नाही आणि त्यांनी आपली नाराजी उघडपणे व्यक्त केली. त्यांच्या दृष्टीने चरखा गेला की ध्वजातील गरीब माणूस गेला. ठरावाच्या शब्दयोजनेत मात्र चरखा शिल्लक आहे, कारण चक्र हे त्याचेच 'निदर्शक' आहे.

महाराष्ट्रात या चक्राला आणखी एक वाचन लाभले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर आंबेडकरी समाजाने राष्ट्रध्वजातील चक्र हे धम्मचक्र म्हणून पाहिले. त्यासाठी कोणताही ठराव झाला नाही. तरीही हा अर्थ चक्राच्या मूळ उगमाशी सर्वांत जवळचा आहे. बौद्धांचे धम्मचक्र, सम्राट अशोकाचे शासनचक्र आणि विणकराचा चरखा ही तीन वाचने एकाच निळ्या वर्तुळात परस्परांना न ढकलता नांदतात. चोवीस आऱ्यांचे चोवीस सद्गुण सांगणारे तक्ते मात्र अलीकडची कल्पनाशक्ती होय. ठरावात आऱ्यांच्या संख्येचा उल्लेखही नाही. ती सारनाथच्या शिल्पावरून आली आहे. असे तक्ते महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर अधिकृत म्हणून लागतात, हे खेदकारक आहे.

कापडाचा अर्थ

रंग आणि चिन्ह यांविषयी इतकी चर्चा होते, परंतु ज्यावर ते उमटतात त्या कापडाविषयी क्वचितच होते. वस्तुतः १९२१ पासून ध्वजाचा सर्वांत स्थिर अर्थ त्याच्या कापडात होता. हाताने कातलेले, हाताने विणलेले सूत म्हणजे स्वावलंबन. हा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नसे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागी परशुराम घार्गे यांच्या हाती जो झेंडा होता आणि त्याच दिवशी नंदुरबारमध्ये किशोरवयीन शिरीषकुमार मेहता यांच्या हाती जो होता, तो चरख्याचा झेंडा होता. वडूजला नऊ जण गोळीबारात पडले.

स्वातंत्र्यानंतर या कापडाला प्रमाणबद्ध करण्यात आले. भारतीय मानक संस्थेच्या मानकांच्या यादीतील पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाला मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५१ मध्ये आलेले आणि १९६० च्या दशकात दशमान पद्धतीनुसार सुधारलेले हे मानक कापडाचे वजन, धाग्यांची संख्या, रंगाची छटा, तिचा पक्केपणा, शिलाई यांचे नियम देते. ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० मिलिमीटरपर्यंत ध्वजाचे नऊ आकार त्यात ठरविलेले आहेत. या नियमांनुसार ध्वज तयार करणाऱ्या मोजक्या केंद्रांत हुबळीजवळच्या बेंगेरीचे खादी केंद्र आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती यांचा समावेश होतो. नांदेडच्या ध्वजासाठी लागणारी खादी उदगीरला विणली जाते.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती करण्यात आली आणि यंत्रावर तयार केलेल्या, पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. जुलै २०२२ मध्ये दिवसाप्रमाणे रात्रीही ध्वज फडकविण्याची मुभा सर्वसामान्यांना देण्यात आली आणि त्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' हा उपक्रम झाला. ज्या घरांनी आजवर कधी ध्वज विकत घेतला नव्हता अशा असंख्य घरांवर तो लागला. हातमागावर इतके कापड काही महिन्यांत विणणे कोणत्याही समितीस शक्य नव्हते आणि खादीच्या ध्वजाची किंमत गरीब कुटुंबास परवडणारी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. दुसरीकडे ज्या विणकरांचे वर्षभराचे काम या एका कापडावर अवलंबून आहे, त्यांनी या दुरुस्तीविरुद्ध आवाज उठविला. दोन्ही बाजू गरिबाचेच नाव घेतात. एकीकडे तो ध्वज विकत घेणारा आहे, दुसरीकडे तो विणणारा.

संविधान सभेपुढे ठराव मांडताना नेहरूंनी दोन ध्वज दाखविले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. कापड कोणते असावे याविषयी ठरावात काहीही लिहिलेले नाही. तो ठराव आजही जसाच्या तसा आहे, आणि त्यानुसार पांढऱ्या पट्टीवरील निळे चक्र हे चरख्याचे निदर्शक आहे. मग ते सुताच्या कापडावर असो की पॉलिएस्टरच्या.